बांधापलीकडचं तणनाशक: द्राक्षबागेतल्या २,४-डीच्या इजेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

फळबागांमध्ये तण व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्याला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा तण हटत नाही म्हणून. हरळी पुन्हा फुटली, लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या, पावसाळ्यात केना आवरत नाही, अशा तक्रारी असतात. इथे तण नीट मेलं होतं, पण ते शेजारच्या उसातलं. जळाली ती बांधाअलीकडची द्राक्षबाग. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण द्राक्ष आणि ऊस जिथे जिथे बांधाला बांध लावून उभे आहेत तिथे ते दरवर्षी कुठे ना कुठे घडतं, आणि बऱ्याचदा त्याला व्हायरस किंवा जस्ताची कमतरता समजून पैसे खर्च होतात.

गाव नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गोदाकाठी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बागवाल्यांना इथे नाना म्हणतो, ऊसवाल्यांना तात्या. दोघांची जमीन लागून, विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या वडिलांच्या काळापासून ठरलेल्या.

नानांची बाग दोन एकर, थॉम्पसन वाणाची, ९ बाय ५ फुटांवर, वाय मांडव, ठिबक. ओळी उत्तर-दक्षिण, आणि पूर्वेच्या बांधापलीकडे थोड्या चढावर तात्यांचा ऊस. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालेली. प्लॉट निर्यातीसाठी ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडा या केंद्रीय निर्यात संस्थेच्या नोंदणी व्यवस्थेत, नोंदवलेला. तात्यांनी त्याच सुमारास पूर्वहंगामी ऊस लावला होता. नोव्हेंबरच्या मध्याला चित्र असं होतं, की बाग चाळीस-एक दिवसांची आणि घड फुलोऱ्यात, तर उसात चांदवेल, दुधी, माठ, कुंजरू भरून आलेलं. द्राक्षवेलीला इजा व्हायला याहून नाजूक वेळ नाही. आणि उसातलं रुंद पानांचं तण फवारून मारायला शेतकऱ्याला हीच वेळ सोयीची वाटते. दोन पिकांची वेळापत्रकं अशी एकमेकांवर येतात, हे या प्रकरणाचं मूळ.

काय बिघडलं

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे तात्यांनी उसात फवारणी केली. तीन-चार दिवसांनी नानांना बांधाकडच्या ओळींत शेंडे वळलेले दिसले. नवी पानं लहान, पंख्यासारखी दुमडलेली, शिरा एकमेकींना खेटून जवळजवळ समांतर झालेल्या आणि फिकट, कडेचे दाते लांब होऊन दोऱ्यासारखे बाहेर आलेले. घडांच्या देठांना पीळ. थोड्या दिवसांत फुलं गळायला लागली.

नानांनी औषध दुकानात पान दाखवलं. जस्त, बोरॉन आणि एक समुद्रशेवाळाचं टॉनिक मिळालं. ते दोनदा मारलं. दुसऱ्या एका दुकानदाराने फुलकिडे सांगितले, त्याचीही फवारणी झाली. फरक पडेना, तेव्हा मला फोन आला. मधले आठ-दहा दिवस गेले होते आणि त्यांची किंमत पुढे पुराव्याच्या बाबतीत मोजावी लागली.

जाण्याआधी मी एकच अट घातली: अहवाल लिहिण्याआधी तात्यांशीही बोलणार. बोलावणारा एका बाजूचा असतो, पैसेही तोच देतो. पण बांधावरच्या प्रकरणात एकाच बाजूचं ऐकून लिहिलेला कागद गावात टिकत नाही. नानांना हे रुचलं नाही. "त्यांच्याकडं जायची काय गरज? दिसतंच ना," असं म्हणाले. शेवटी हो म्हणाले.

निदान: दोन शक्यता, एकच उतार

पानं पाहताच २,४-डीचा संशय येतो. ते ऑक्सिन गटातलं, म्हणजे वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखं वागणारं तणनाशक आहे, वेलीच्या वाढीच्या टोकाकडे जातं आणि तिथलीच वाढ वेडीवाकडी करतं. आधी पूर्ण उमललेली पानं जवळजवळ जशीच्या तशी राहतात. जस्ताच्या कमतरतेत पानं लहान होतात, पण शिरा अशा खेटत नाहीत. फुलकिड्यांनी पान वाटीसारखं होतं, करपतं, ओरखडे दिसतात. फॅनलीफ व्हायरसचं पान या पानाच्या बरंच जवळ जातं, पण व्हायरस एका आठवड्यात बांधाला धरून सलग ओळींत पसरत नाही. ग्लायफोसेटची इजा असती तर नवी पानं अरुंद आणि पिवळी आली असती.

म्हणजे २,४-डी, एवढं ठरलं. ते आलं कुठून, हा प्रश्न राहिला, आणि तो अवघड होता.

बांधाकडच्या पहिल्या सात-आठ ओळींत इजा जोरात, पुढच्या सात-आठ ओळींत शेंड्यांपुरती, त्यापलीकडे बाग स्वच्छ. सरळ दिसतं, की शेजारून आलं. पण नानांचा ट्रॅक्टर फवारणीला नेहमी याच बांधाकडून शिरतो. ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राच्या, टाकीत किंवा नळीत २,४-डी शिल्लक राहिलं असतं, तर पहिल्या ओळींना सर्वात जास्त आणि पुढे कमी कमी, असाच उतार दिसला असता. नानांच्या शेडमध्ये आदल्या वर्षी बांधावरचं गाजरगवत मारायला आणलेल्या २,४-डीचा अर्धा डबा होता. त्यामुळे ही शक्यता कागदावरची नव्हती.

निर्णय तीन गोष्टींवर झाला.

पहिली, पूर्वेच्या बांधावरची मोटारीची खोली. तिच्या पश्चिमेला, आडोशाला असलेले पाच-सहा वेल पहिल्याच ओळीत असून धड होते. टाकीतून फवारलं गेलं असतं, तर खोलीने त्यांना वाचवलं नसतं.

दुसरी, ब्लोअर जिथे पोहोचतच नाही अशी झाडं. घराजवळ नानांच्या घरच्यांनी लावलेले टोमॅटो आणि वालाचे वेल ऊस आणि घर यांच्या वाटेत होते. टोमॅटोची पानं पिळवटलेली, वालाचे शेंडे खाली वळलेले. आणि त्याच बांधावरची हरळी हिरवीगार. गवतवर्गीय झाडं धड आणि रुंद पानांची तेवढी आजारी, ही २,४-डीची ठळक खूण आहे. बांधावरचं तण माझ्यासाठी नेहमीच पहिला साक्षीदार असतं. बागेआधी ते पाहावं.

तिसरी, तारीख. शेंडा न मारलेल्या काड्या निवडल्या. सर्वात खालचं वेडंवाकडं पान म्हणजे इजेच्या वेळी नुकतं उमलत असलेलं पान. त्याच्यापासून टोकापर्यंतची पानं मोजली. उबदार हवेत साधारण दोन-तीन दिवसांत एक नवं पान येतं, त्या हिशेबाने दिवस तुळशीच्या लग्नाच्या आसपासचा निघाला. नानांच्या फवारणीच्या वहीत त्या दोन-तीन दिवसांत एकही फवारणी नव्हती. ग्रेपनेटमुळे निर्यातदार बागायतदारांना वही ठेवावीच लागते. इथे ती वेगळ्याच कामाला आली.

तात्यांची बाजू

तात्यांकडे गेलो तेव्हा ते आधीच धास्तावलेले होते. "मी पहाटे मारलं, वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं," हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते खरं होतं. घोळ तिथेच होता.

नोव्हेंबरात रात्री आभाळ निरभ्र असतं. जमीन गार होते, तिला लागून थंड हवेचा थर बसतो आणि वर तुलनेने उबदार हवा राहते. या अवस्थेत हवा वरखाली मिसळत नाही. फवारणीचे बारीक थेंब खाली बसायला वेळ घेतात, आणि तोवर तो थंड थर उताराने नदीकडे सरकत राहतो. ऊस चढावर, बाग उतारावर. पहाटेचा शांत वेळ सुरक्षित, ही समजूत कीडनाशकांच्या फवारणीतून आलेली आहे. मधमाश्यांसाठी आणि फवारणाऱ्याच्या अंगासाठी ती वेळ बरी असते. २,४-डीसाठी हिवाळ्यातली शांत पहाट वाईट. सूर्य वर येऊन तासभर झाल्यावर, हलका आणि एकाच दिशेचा वारा बागेकडून लांब वाहत असताना, ही वेळ त्यापेक्षा चांगली.

बाकीच्या दोन बाबी डब्यावर आणि पंपावर दिसल्या. दुकानातून मिळालेला डबा इथाइल एस्टरचा, ३८ टक्के ईसी. २,४-डी आपल्याकडे मुख्यतः तीन रूपांत मिळतं: हे एस्टर, अमाइन सॉल्ट ५८ टक्के एसएल आणि सोडियम सॉल्ट ८० टक्के डब्ल्यूपी. एस्टर पानात लवकर शिरतं म्हणून "लवकर लागू पडतं" असं सांगून विकलं जातं. पण त्याची वाफ होते, आणि फवारणी संपल्यावरही दुपारच्या उन्हात ती पानांवरून आणि मातीवरून उठू शकते. अमाइन आणि सोडियमच्या रूपात वाफ फार कमी. तात्यांनी दुकानात फक्त "टू-फोर-डी द्या" म्हटलं होतं. पंप एचटीपी, म्हणजे उच्च दाबाचा, त्याला गन लावलेली. त्यातून धुकंच निघतं.

ऊस हे २,४-डीच्या मंजूर पिकांपैकी आहे. तात्यांनी बेकायदेशीर काही केलं नव्हतं, आणि त्यांची गरजही खरी होती. चांदवेल उसावर चढली की खुरपणी अवघड, बांधणी अवघड, पुढे तोडणीलाही त्रास. खुरपायला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर द्राक्षाच्या विरळणीला जास्त मजुरी मिळते म्हणून तिकडे जातात. म्हणजे नानांच्या बागेने ज्या मजूर बायका ओढून घेतल्या, त्यांच्याच अभावी तात्या तणनाशकाकडे वळले. हे मी दोघांसमोर बोललो. कोणी काही म्हटलं नाही, पण त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला.

पर्याय

बागेचं काय करायचं, यावर चार मार्ग समोर होते.

पुन्हा छाटणी. नानांचा कल याकडे होता. पण नोव्हेंबरअखेर छाटलं तर माल एप्रिलकडे सरकतो, थंडीत फूट अडखळते, आणि इजा झालेल्या वेलीकडून लगेच दुसरी फूट मागणं म्हणजे पुढच्या वर्षीची काडीही धोक्यात घालणं. मी नको म्हटलं.

उतारा फवारणे. दुकानातून आणखी दोन "अँटिडोट" सुचवले गेले होते. वेलीत शिरलेल्या २,४-डीला परतवणारं कुठलंही फवारणीचं औषध नाही. वेल ते हळूहळू स्वतः मोडते. यावर एक रुपयाही घालू नये, हे मी ठामपणे सांगितलं.

सगळं तसंच ठेवून नेहमीचं वेळापत्रक चालवणे. नेहमीच्या वेळापत्रकात पुढचा टप्पा विरळणीसाठी जीएचा (जिबरेलिक आम्लाचा) होता. देठांना आधीच पीळ पडलेल्या घडांवर आणखी एक संजीवक मारायचं, हे मला पटलं नाही.

बागेचे तीन भाग करून प्रत्येकाचा वेगळा निर्णय घेणे. हा मार्ग किचकट, मजुरांना समजावावा लागतो, फवारणीचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. पण इजेचा उतार इतका स्पष्ट असताना सगळ्या बागेला एकच उपाय लावणं म्हणजे धड वेलींनाही आजारी धरणं. हाच ठरला.

दुसरा प्रश्न पैशांचा आणि तक्रारीचा. हवामान आधारित फळपीक विमा इथे लागू पडत नाही, तो पाऊस, गारपीट, तापमान अशा निकषांवर चालतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज आणि पंचनामा हा एक रस्ता, वकिलाची नोटीस हा दुसरा, गावात बसून तडजोड हा तिसरा. नानांचा मुलगा नोटिशीच्या बाजूने होता.

काय केलं

बांधाकडच्या आठ ओळींतले सगळे घड काढून टाकले. नानांना हा निर्णय सर्वात जड गेला. काही घड धरतील असं दिसत होतं. पण त्यांत मणी लहान-मोठे होणार, आणि तो माल कोणाच्या ताटात जाईल याची जबाबदारीही होतीच. निर्यातीला नको असलेला माल स्थानिक बाजारात ढकलायचा, हे मी सुचवणार नव्हतो. घड काढल्याने वेलीवरचा भार गेला. वळलेले शेंडे मारले, बगलफुटी राखल्या, पाणी आणि नत्र बेताचं ठेवलं. डावणी-भुरीची फवारणी मात्र चालू ठेवली, कारण दुबळ्या फुटीवर रोग आधी बसतो.

मधल्या ओळींत घडांची संख्या जवळपास निम्मी केली, जीए थांबवलं, विरळणी हाताने केली. बाकी बाग नेहमीप्रमाणे.

पानांचा नमुना तपासणीला पाठवला. २,४-डीचं कुठलंच मोजमाप सापडलं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. वेलीत ते लवकर मोडतं, आणि इजा मात्र पानावर महिनोन्‌महिने दिसत राहते. नमुना पहिल्या दोन-तीन दिवसांत घेऊन, गार ठेवून पाठवला असता तर उत्तर वेगळं येण्याची शक्यता बरीच होती. रिकाम्या अहवालाचा अर्थ "काही झालंच नाही" असा काढता येत नाही, हे नानांच्या मुलाला समजवावं लागलं. आणि नोटिशीचा विचार तिथेच ढिला पडला.

तडजोड झाली. दोघं, त्यांचे मुलगे, सोसायटीचे एक ज्येष्ठ संचालक आणि मी, विहिरीवर बसलो. मी फक्त नकाशा मांडला: कुठल्या ओळी, मोटारीची खोली, टोमॅटो, उतार. पहाटेच्या हवेचं गणित सांगितलं. तात्यांनी पहिल्या आठ ओळींचा त्या हंगामाचा खर्च दोन हप्त्यांत द्यायचं कबूल केलं. उत्पन्नाची भरपाई नानांनी मागितली नाही.

उसाचं तण कसं आवरायचं

माझ्या दृष्टीने खरं काम हे होतं. "२,४-डी मारू नका" एवढं सांगून ऊसवाल्याचा प्रश्न सुटत नाही. पुढच्या वर्षी तो दुसरं काहीतरी आणणार. तात्यांसाठी पर्यायी आखणी करून दिली.

लागण झाल्यावर दोन-तीन दिवसांत, वाफशावर, मेट्रिब्युझिन हे तणनाशक, तण उगवण्यापूर्वी. फ्लॅट फॅन नोझल, कमी दाब, जमिनीलगत. गन बंद. पुढे महिनाभराने पॉवर टिलरने आंतरमशागत, साधारण दोन महिन्यांवर बाळबांधणी. सरीत माती पडली की लहान तण दबतं. लव्हाळ्याचे पट्टे होते, तिथे हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक फक्त त्या पट्ट्यांपुरतं. चांदवेलीसाठी खुरपणी शिल्लक ठेवली, पण ती पूर्ण शेतात नको, बांधाकडच्या दहा-बारा सऱ्यांत आणि जिथे वेल दिसेल तिथे. खोडव्यात पाचट जाळायचं नाही, सरीत पसरायचं. पाचटाखाली रुंद पानांचं तण बरंच कमी उगवतं, आणि पाणीही वाचतं.

एकच गोष्ट वाटाघाटीची ठेवली नाही. बांधाला बाग आहे तोवर २,४-डी कुठल्याच रूपात नाही. अमाइन वापरलं तर चालेल का, असं तात्यांनी विचारलं. वाफ कमी होईल, पण थेंब उडायचे थांबत नाहीत, आणि द्राक्षवेल शिफारशीच्या मात्रेच्या शंभराव्या भागाहून कमी मात्रेनेही वळते. शिवाय नाशिकच्या बागेत एप्रिलच्या खरड छाटणीपासून (काडी तयार करण्यासाठीच्या छाटणीपासून) माल निघेपर्यंत वेलीवर पान असतंच, त्यामुळे "या महिन्यात चालेल" असं सांगायला महिनाच उरत नाही.

नानांकडेही काम होतं. अर्धा डबा शेडमधून बाहेर काढला. तणनाशकाचा पंप वेगळा केला, त्यावर लाल पट्टा, आणि तो पंप बागेत कधीच न्यायचा नाही. पूर्वेच्या बांधावर शेवरी लावली आणि ती वाढेपर्यंत शेडनेट. आडोसा वाफ अडवत नाही, पण थेंब बरेच अडवतो. मोटारीच्या खोलीने ते दाखवलंच होतं.

निष्पत्ती

मधल्या ओळींत घड बरे भरले, मण्यांचा आकार थोडा उतरला, माल आठवडाभर उशिरा आला. काढणीआधीच्या अंश-तपासणीत प्लॉट पास झाला आणि बाकी बागेचा माल युरोपला गेला. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती, ते ज्यांनी सोसलं त्यांना या तपासणीच्या रात्री कशा जातात हे सांगावं लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पहिल्या आठ ओळींत फूट थोडी असमान आली, त्यापुढच्या हंगामात त्या ओळी इतरांच्या बरोबरीला आल्या. तात्यांचं पुढच्या लागणीतलं तण २,४-डीशिवाय आटोक्यात राहिलं. मजुरीचा खर्च वाढला, तो त्यांनी लपवला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठा फरक पहिल्या तीन दिवसांनी पडला असता. वळलेलं पान दिसलं की कुठलीही फवारणी करण्याआधी बांधावरून चालावं, तारखेसकट फोटो काढावेत, पानांचा नमुना गार डब्यात ठेवावा. नानांनी मारलेल्या चार औषधांनी वेलीला फायदा झाला नाही, आणि नंतर कोणी वाद घातला असता तर "तुमच्याच औषधांनी झालं" म्हणायला जागा मिळाली असती.

पंचनामा न करण्याचा निर्णय मला आजही अर्धवट वाटतो. तडजोड योग्यच होती. पण कृषी सहायकांना बोलावून नोंद करून घेणं म्हणजे तक्रार नव्हे. अशा नोंदी तालुक्याला दिसल्या, तर द्राक्षपट्ट्यात एस्टरच्या विक्रीबद्दल काही ठरवायला आधार मिळतो. नोंदच नसेल तर कागदावर हा प्रश्न अस्तित्वातच नाही. नानांना भीती होती, की एकदा सरकारी कागद झाला की तात्यांशी संबंध तुटेल. त्यांचा तो अंदाज माझ्यापेक्षा जास्त बरोबर असू शकतो, पाण्याच्या पाळ्या त्यांना सांभाळायच्या आहेत.

आणि दुकान. तात्यांना डबा देताना "शेजारी काय पीक आहे?" एवढं कोणी विचारलं असतं, तर एस्टर दिलं गेलं नसतं. निफाडसारख्या तालुक्यात हा प्रश्न प्रत्येक तणनाशकाच्या विक्रीला विचारला जावा, असं मी त्या भागातल्या दुकानदारांना भेटेन तिथे सांगतो. काहींनी एस्टर ठेवणं बंद केलं आहे.

गेल्या हंगामात तात्यांच्या मुलाने उसावर ड्रोनने फवारणी करायची चौकशी केली. एचटीपीला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोन आठ-दहा लिटरमध्ये काम उरकतो, म्हणजे द्रावण दाट आणि थेंब बारीक, तेही उंचीवरून. विहिरीवरच्या त्या ठरावात म्हणून एक ओळ वाढवली: ड्रोनने खत किंवा बुरशीनाशक चालेल, तणनाशक नाही, आणि उडवण्याआधी एक दिवस नानांना सांगायचं. दोघांनी सह्या केल्या. आता हाच कागद तात्यांच्या पलीकडच्या शेतकऱ्यापर्यंत न्यायचा आहे. त्याच्याही बांधाला बाग आहे आणि त्याचा ऊस यंदा नवा लागला आहे.